लग्नघरचा सांधेवाला

डोक्यावरची टोपी काढायची, गुडघ्यावर ठेवायची, मान खाजवायची आणि समोरचा माणूस अगदी खुशीत आला की विचारायचं, "आनि नाय झालं तर?"

आमच्या आळीत कुणाचं लग्न ठरलं की हा प्रश्न आल्याशिवाय ते पक्कं झालं असं कोणी धरत नसे. तुमच्याही गावात असा एखादा असेल, सगळे पेढे वाटत असताना हातातला पेढा तसाच धरून आभाळाकडे बघणारा. आमच्याकडे ते नाना होते. त्यांचं नाव सांगत नाही. सांगितलं तरी आळीतल्या निम्म्या लोकांना ओळखू येणार नाही, कारण लहानथोर सगळे त्यांना नानाच म्हणत.

मी लग्न होऊन या गावात आले तेव्हा खोपोलीच्या बाजूला नवेनवे कारखाने उभे राहत होते. यजमान साजगावच्या एका कारखान्यात लागले होते आणि सासरे भातशेती बघत. आमच्या अंगणाला लागून नानांचं अंगण. नाना रेल्वेतून निवृत्त होऊन गावी आलेले, घरात ते आणि काकी दोघंच. मूलबाळ नाही.

मला बघून आल्यावर सासऱ्यांनी आनंदाने नानांना सांगितलं तेव्हा नाना म्हणाले होते, "पोरगी चांगली हाय. आनि नाय रुळली तर?" हे मला सासूबाईंनी आल्याआल्या सांगितलं, बहुधा मला आधीच ताळ्यावर आणायला. मी नानांवर बरेच दिवस फुगून होते. शेवटी विहिरीवर गाठून विचारलंच, "नाना, मी नसते रुळले तर काय करणार होता?"

नानांनी रहाट थांबवला. "तुजं काय नाय, सूनबाय. तुज्या सासूला समजवायचं ठरलं होतं."

त्या दिवसापासून माझा आणि त्यांचा सलोखा झाला.

ही खोड त्यांना लागली ती ठाकुरवाडीला. घाटात गाडी उतरते ना, तिथे त्यांनी सांधेवाल्याचं, म्हणजे गाडीसाठी रुळांचा सांधा फिरवून द्यायचं काम केलं होतं. एकदा पडवीत वालाच्या शेंगा सोलता सोलता त्यांनी मला ते समजावून दिलं. घाट उतरणाऱ्या गाडीचे ब्रेक निकामी झाले तर ती खाली कोसळणार. म्हणून तिथे मुख्य लाइनीपासून फोडून एक बाजूची लाइन काढलेली असते. ती डोंगराच्या चढावर जाते आणि तिथेच संपते. सुटलेली गाडी तिच्यावर चढली की दमते आणि थांबते. मला वाटलं, गाडी सुटली अशी खबर आली की हे लोक धावत जाऊन सांधा फिरवत असतील.

"नाय गं. धावायला टाइम कुठं मिळतो?" नाना म्हणाले. "सांधा कायम बाजूच्या लाइनीलाच लावलेला. गाडी आली, थांबली, थांबलेली डोळ्यांनी बघितली, मंग तिला सरळ लाइन द्यायची. आदी धरून चालायचं, का ब्रेक लागनार नाय."

"रोज लागत असतील तरी?"

"रोज लागतात म्हनून तर मानूस इसरतो."

आता अशा माणसाच्या हातात लग्नघर दिलं तर काय होईल ते तुम्हीच बघा. लग्नघरात वाईट बोलू नये हा आपला रिवाज, आणि नानांचं सगळं बोलणं तसलंच. सासूबाई त्यांना येताना बघूनच म्हणायच्या, "शुभ बोल नाऱ्या, तर मांडवाला आग लागली." नाना टोपी काढून शांतपणे सांगत, "म्हनूनच मागं पिंप भरून ठेवलंय, वैनी."

मांडवाच्या मागे पाण्याचं पिंप असे. वाजंत्री येणार नाहीत असं धरून ठाकर आदिवासींच्या वस्तीवरच्या तारपा वाजवणाऱ्या एकाला जेवायचं आवतण असे. वाजंत्री आले तर तो नुसता जेवून जाई. टेंपो ठरवलेला असला तरी वडाखाली एक बैलगाडी जुंपायच्या तयारीत उभी. नानांच्या कोटाच्या खिशात सुई-दोरा, काळ्या मण्यांची जादा पोत, ओवा, लेंग्याची नाडी आणि गॅसबत्तीत लावायची जाळीची मेंटलं. नवऱ्यामुलाची नाडी ऐन वेळी तुटते यावर त्यांचा ठाम विश्वास होता. मी पाहिलेल्या एकाही लग्नात ती तुटली नाही, पण नाडी मात्र दर लग्नाला नवी असे.

भटजींनासुद्धा त्यांनी सोडलं नाही. भटजी समोर बसून चहा पीत असताना त्यांनी नवरीच्या बापाला विचारलं, "आनि भटजी आजारी पडलं तर?" भटजींना ठसका लागला. म्हणाले, "नाना, निदान चहा तरी संपू दे."

पण त्यांची खरी कारागिरी रुसव्यात. प्रत्येक वऱ्हाडात रुसणारा एक माणूस असतोच, हे त्यांचं निरीक्षण, आणि तो साखरपुड्यालाच ओळखता येतो हे त्यांचं शास्त्र. साखरपुड्यात ते कोपऱ्यात बसून वरपक्षाकडे टक लावून बघत. परत येताना सांगत, "तो आत्याचा नवरा. पान देताना त्याला शेवटी आलं, तवा त्यानं पान उलटं ठेवलं. हा रुसनार." मग लग्नाच्या दिवशी त्या आत्याच्या नवऱ्याला टेंपोतून उतरताच पहिलं पाणी, पहिला चहा, पहिलं गंध, बसायला टेकाची खुर्ची. तो बिचारा दिवसभर इतका भांबावलेला असे की रुसायचं राहूनच जाई.

कधी कधी तयारीच अंगाशी येई. आमच्याकडे लग्नातले विधी आणि गाणी धवलारीण करते. तिने धवले म्हटल्याशिवाय हळद लागत नाही. एका लग्नात नानांना वाटलं, हिचा घसा बसला तर? त्यांनी कोणाला न सांगता पलीकडच्या गावची दुसरी धवलारीण बोलावून ठेवली. पहिलीचा घसा ठणठणीत होता. दुसरी आली ती तिच्यासमोरच पाटावर बसली. मग काय विचारता. एकीने गणपती आळवला की दुसरी कुलदैवत आळवी, दुसरीने संपवलं की पहिली सगळ्या गावदेवांना बोलावी. कोणीच थांबेना. नवरीच्या अंगावरची हळद वाळून तिचे पोपडे पडायला लागले. काकींनी शेवटी दोघींच्या हातात एकदमच खणनारळ दिले आणि नवरीला न्हाणीत ओढून नेलं.

त्या दिवशी काकी मला म्हणाल्या, "सगळ्या गावाची काळजी करतात हे. ह्यांच्याशी लगीन करून माजं चुकलं तर काय, याची तयारी माज्या बापानं केलीच नाय." नाना तिथेच होते. ते मिशीतल्या मिशीत हसले.

हे सगळं गमतीत चाललं होतं ते माझ्या नणंदेच्या लग्नापर्यंत. कुसुम माझ्याहून लहान, हसरी आणि कामाला चपळ. पेणकडचं स्थळ आलं. मुलगा दिसायला बरा, घरची शेती, मागणी त्यांच्याकडूनच आलेली. सासरे हुरळून गेले. नानांनी टोपी काढली आणि विचारलं, "मुलाची चवकशी केली का?" सासरे म्हणाले, "घर बघितलं की." नाना म्हणाले, "घराशी लगीन नाय लागत." पण तेवढ्यात पेढे आले आणि विषय राहिला.

लग्नाला काहीच चुकलं नाही. वाजंत्री वेळेवर, आचारी शुद्धीत, टेंपो दारात. रुसणाराही सापडला होता आणि खूश होता. मला आठवतं, नाना त्या दिवशी कपाळाला आठ्या घालून फिरत होते.

पाठवणीची वेळ आली. कुसुम टेंपोत बसली. सासूबाई तिच्या गळ्यात पडून रडत होत्या आणि त्या काळी प्रत्येक आई जे बोलायची तेच बोलत होत्या, "आता त्या घरची झालीस गं. जगलीस तरी तिथं, मेलीस तरी तिथं." आम्ही सगळ्याच डोळे पुसत होतो. तेवढ्यात नाना पुढे आले, टेंपोच्या फळीला हात लावला आणि सगळ्यांसमोर, नेहमीच्याच आवाजात म्हणाले, "कुसुम, आनि नाय जमलं तर इकडं यायचं. वाट बंद नाय."

वाजंत्री थांबले. मुलाचा बाप टेंपोतून खाली उतरला. "पावनं, हे काय शिकवताय पोरीला? अजून उंबरा नाय ओलांडला तिनं आमचा."

नानांनी टोपी काढली, हात जोडले. "रागावू नका. तुमच्या घराला नाव नाय ठेवलं. पन बोललो ते बोललो."

कोणीतरी मध्ये पडलं, मिटवामिटवी झाली, टेंपो गेला. मी कुसुमचा चेहरा पाहत होते. ती रडायची थांबली होती आणि नानांकडे बघत होती.

सासूबाईंनी दुसऱ्या दिवशी आमच्या आणि नानांच्या अंगणामधल्या वाटेवर करवंदीच्या काट्या आणून टाकल्या. "माज्या लेकीच्या संसाराला त्यानं दृष्ट लावली," म्हणाल्या. त्यांनी नानांशी बोलणं सोडलं. गावानेही त्यांचीच बाजू घेतली. मलासुद्धा नानांचा राग आला होता, खोटं कशाला सांगू. काही गोष्टी खऱ्या असल्या तरी पाठवणीला बोलायच्या नसतात, असं मला वाटे. पुढच्या लगीनसराईत नानांना कोणी तयारीला बोलावलं नाही. आवतण यायचं ते इतरांसारखं, जेवणापुरतं, आणि नाना जेवायला जात नसत. आपल्या अंगणात बसून दुसऱ्यांच्या मांडवाकडे बघत राहायचे. त्यांचे हात रिकामे बघून मला फार वाईट वाटे.

त्याच सराईत एका लग्नाच्या संध्याकाळी बत्तीची मेंटलं एकामागून एक फुटली आणि मांडवात अंधार व्हायची वेळ आली. नवरीच्या बापाने बराच वेळ डोकं खाजवलं आणि मग तो मान खाली घालून नानांच्या दारात गेला. मेंटलं ओट्यावर काढून ठेवलेलीच होती. नानांनी ती दिली. काकींनी त्याला जाता जाता ऐकवलं, "नाडी पन हाय. लागली तर सांगा."

कुसुम पहिल्या सणाला आली तेव्हा गप्प होती. दुसऱ्या सणाला आलीच नाही. सासूबाई म्हणायच्या, नव्या संसारात होतं असं.

मग भातकापणी आली. घरातले सगळे शेतावर होते, मी भाकऱ्या घ्यायला दुपारी घरी आले होते. करवंदीच्या काट्यांपलीकडून नानांनी हाक मारली. "सूनबाय, जरा इकडं ये. ओरडू नको."

कुसुम त्यांच्या पडवीत बसली होती. काकी तिला चहा पाजत होत्या. तिच्या गालावर बोटं उमटलेली होती आणि हातावर जुने डाग होते. पायात चप्पल नव्हती. मी तिच्याजवळ बसले तर तिने पहिलं वाक्य म्हटलं, "वैनी, मी आपल्या घरी न जाता आदी इथं आले. नाना बोललं होतं ना."

मी तिचा हात धरून बसले. नाना म्हणाले, "आदी तिला जेवू घाल. इचारायचं नंतर. मी शेतावर जातो."

ते एकटे जाऊ नयेत म्हणून कुसुमला वाढायचं काकींवर सोपवून मी भाकऱ्या डोक्यावर घेतल्या आणि मागोमाग निघाले. खरं सांगायचं तर मला भीती वाटत होती. तेव्हा लेक परत येणं म्हणजे घराला डाग. आमच्याच आळीत परत आलेल्या एका मुलीला बापाने दारातून मागे धाडलं होतं, आणि पुढे तिचं काय झालं ते कोणी बोलत नसे. कुसुमलाही तसंच पाठवतील की काय, एवढाच विचार माझ्या डोक्यात होता.

नानांनी बांधावर उभं राहून सासऱ्यांना सगळं सांगितलं. सासरे तिथेच बांधावर बसले. म्हणाले, "नाना, लोक काय म्हनतील? चार दिस ठेवून घेतो आनि पोचवून येतो. समजूत घालतो त्यांची."

"कशाची समजूत?"

"संसार मोडल तिचा."

नाना त्यांच्या शेजारी बसले. "इकडं बघ. मी घाटात जल्म काढला. एक मालगाडी सुटून आलेली माज्या डोळ्यांसमोर बाजूच्या लाइनीला गेली. चढली, थांबली. डायवर खाली उतरला आनि रडाया लागला. त्याला कोनी इचारलं नाय, गाडी सरळ का नाय नेली म्हनून. बाजूला गेली म्हंजे पडली असं नाय रं. वाचली ती."

सासूबाई थोड्या अंतरावर विळा हातात घेऊन उभ्या होत्या. सगळं ऐकत होत्या. नानांशी त्यांनी तेव्हाही शब्द काढला नाही. वळल्या आणि घराच्या वाटेला लागल्या. मी मागे धावले. घरी आल्यावर त्यांनी आधी त्या करवंदीच्या काट्या विळ्याने ओढून बाजूला केल्या, हाताला बोचल्या तरी थांबल्या नाहीत, आणि मग त्या वाटेने नानांच्या पडवीत गेल्या. मायलेकींचं काय बोलणं झालं ते मला माहीत नाही. मी बाहेरच उभी राहिले.

कुसुमला परत पाठवलं नाही. जातीतली माणसं बसली, काडीमोड झाली. गाव थोडे दिवस बोललं आणि मग दुसरं काही बोलायला मिळालं. सासूबाई पुन्हा नानांशी बोलू लागल्या, तीसुद्धा सुरुवात भांडणानेच: तुमच्या कोंबड्या माझ्या वाळवणात येतात. नाना खूश झाले.

कुसुम साजगावला एका कारखान्याच्या कँटीनमध्ये कामाला लागली. तिथे यंत्रं दुरुस्त करायला येणाऱ्या एकाशी तिची ओळख झाली. मोहोपाड्याच्या कारखान्यात फिटर, पहिली बायको वारलेली. त्याने विचारलं तेव्हा हिने लगेच हो म्हटलं नाही. सुट्टीच्या दिवशी काकींना सोबत घेऊन त्याच्या गावी गेली. त्याच्या भावजयीला विचारलं, शेजाऱ्यांना विचारलं, पहिल्या बायकोच्या माहेरीही जाऊन आली. मग त्यालाच समोर बसवून, आम्ही कधी धजलो नसतो ते सगळं तोंडावर विचारलं. तो बापडा घामाघूम झाला, पण पळाला नाही. उत्तरं दिली.

बाईचं दुसरं लग्न म्हणजे पाट. तो अंधार पडल्यावर, चार माणसांत, चोरून केल्यासारखा लावायचा ही पद्धत. कुसुम म्हणाली, "मी काय चोरी नाय केली. दिवसा लावा." सासरे आता नाही म्हणायच्या पलीकडे गेले होते. त्यांनी अंगणात मांडव घातला.

सासूबाई स्वतः नानांकडे गेल्या. नाना तेव्हा थकले होते, एका डोळ्यात मोतीबिंदू उतरला होता. सासूबाईंनी विचारलं, "नाना, तयारीचं कसं? पिंप भरायचं का? गाडी सांगायची का?"

"कशाला?" नाना म्हणाले. "जी करायची ती तिची तिनं केलीय."

सासूबाईंना ते पटलं नाही. त्यांनी गपचूप पिंप भरून घेतलं.

नाना त्यानंतर फार दिवस राहिले नाहीत. थंडीत गेले, झोपेतच. काकींनी त्यांचा कोट आणि खिशातली कोरी नाडी आम्हाला दाखवली तेव्हा आळीतल्या बायका हसता हसता रडल्या. पण ते नंतरचं. पाटाच्या दिवशी नाना सकाळीच धुतलेला सदरा घालून आले, मांडवाच्या कडेला तांदळाच्या पोत्यांवर टेकले, आणि मी गुळपाणी घेऊन जाईपर्यंत त्यांचा डोळा लागलासुद्धा. टोपी घसरलेली, तोंड उघडं. वाजंत्री कानाशी वाजत होते, पोरं त्यांच्या पायांवरून उड्या मारत होती. नाना घोरत होते.

गाठ मारायची वेळ झाली. सगळे नवरा-नवरीभोवती जमले. सासरे मागे वळून वळून बघत होते, कारण सासूबाई कुठे दिसेनात. मी शोधायला गेले. त्या पोत्यांपाशी बसल्या होत्या. हातात सूप घेऊन नानांच्या तोंडावरच्या माश्या वारत होत्या.

"आत्याबाय, चला ना," मी म्हटलं. "कुसुमच्या गाठीची वेळ झाली. नानांना उठवू का?"

"नको," त्या हळूच म्हणाल्या. "निजू दे त्याला. आजवर एका लग्नात बसला नाय तो."

त्या तिथून उठल्या नाहीत. तिकडे तांदूळ उधळले गेले, टाळ्या झाल्या. सासूबाईंनी मान उंच करून बसल्या जागेवरूनच लेकीकडे बघितलं, डोळे पुसले आणि पुन्हा सूप हलवायला लागल्या. पंगती उठल्या तरी नाना जागे झाले नव्हते. त्यांचं ताट आम्ही वाढून झाकून ठेवलं.